व्यवस्थापनाचे विद्यार्थी व लोखंडी नांगर

सातारा-सांगलीकडील व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गांतील उत्तरपत्रिका आम्ही पाहिल्या आहेत. नेतृत्व म्हटले की उदाहरण अमेरिकेचे, व्यूहरचना म्हटली की जपानचे! सांगली जिल्ह्यांतच किर्लोस्करवाडी आहे, ह्याचा त्यांत मागमूस नाही.

हार्वर्डची व्यापारशिक्षणाची शाळा १९०८ मध्ये निघाली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर निवडुंग तोडून कारखाना उभारला. त्यापूर्वी, बेळगावास असतां, त्यांचा पहिला लोखंडी नांगर खपावयास दोन वर्षे लागली होती. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! माल उत्तम, पण गिऱ्हाईक फिरकत नाही, अशा वेळी कारखानदाराने करावे काय? साताऱ्यास रयत शिक्षण संस्था वाढविणारे भाऊराव पाटीलही एके काळी हेच नांगर विकीत गावोगाव हिंडले. ह्याहून कठीण प्रश्न कोणत्या परकी पुस्तकांत आहे, ते आम्हांस कोणी दाखवावे.

परकी ग्रंथ वाचूं नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः त्यांवरच पोसलो. पण उसाच्या बिलांतून बाप फी भरतो, आणि त्या बापाला नवे अवजार का पटत नाही असे मुलास विचारले, तर तो पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवितो. परीक्षक तिला पुरे गुणही देतात!