नाग नदीचा काठ आणि वाढते मजले

२३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपुरात अवघ्या चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरले. चौघांनी प्राण गमावले. कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट यांसारख्या सुस्थित वस्त्याही त्यातून सुटल्या नाहीत.

अंबाझरी तलाव १८७० मधला. शहर त्याच्या पायथ्याशी नंतर पसरत गेले. पाणी मुरवणारी मोकळी जमीन सिमेंटखाली गेली आणि नदीचे पात्र भिंतींमध्ये आवळले गेले. सांडव्यासमोरील स्मारकाचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

येथेच नियोजनातील विसंगती दिसते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नदीकाठचे बांधकाम रोखण्यासाठी आखतात. दुसरीकडे मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत जादा चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण आहे. लोकमान्यनगरकडे जाणारी मेट्रो अंबाझरीजवळून, नाग नदीच्या परिसरातूनच धावते. म्हणजे ज्या पट्ट्यात एक नियम हात आखडता घ्यायला सांगतो, तेथेच दुसरा मजले वाढवायला मुभा देतो.

दाट वस्ती मुळात अनिष्ट नाही. मेट्रोजवळ अधिक लोक राहिले तर प्रवास व प्रदूषण कमी होते, शेतजमीनही वाचते. मात्र मजले कोठे वाढवावेत, याचा निर्णय पाण्याची वाट पाहून व्हावा. वाढीव मजल्यांचा नफा बांधणाऱ्याला मिळतो. पुराचे पाणी मात्र तळमजल्यावरील वृद्धांच्या, चौकीदाराच्या आणि काठावरील झोपडीतल्या कुटुंबाच्या घरात शिरते. त्या कुटुंबाला हलवावे लागलेच, तर रोजगारापासून दूर फेकले जाऊ नये, हा साधा न्याय आहे.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आहे. तो आवश्यकच आहे. परंतु त्याचा रोख सांडपाण्यावर आहे. पुराचे उत्तर त्यात शोधणे व्यर्थ होय.

वाचकहो, १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. असा मसुदा निघेल तेव्हा नकाशावर आपली गल्ली आणि पूररेषा शोधावी, शेजाऱ्यांना दाखवावी आणि लेखी म्हणणे सादर करावे. पूर ओसरल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा मुदतीत दिलेला एक अर्ज अधिक उपयोगी पडतो.