स्कॅरेटचे गुण आणि पगाराचा कागद

इंग्लंडच्या एमिली स्कॅरेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये रग्बीतून निवृत्ती घेतली. ११९ आंतरराष्ट्रीय सामने, ७५४ गुण, पाच विश्वचषक. इंग्लंडच्या महिला संघासाठी एवढे गुण दुसऱ्या कुणीही केलेले नाहीत. तरीही ही कारकीर्द नुसत्या गुणफलकावरून वाचली, तर ती अर्धीच कळते.

२०१४ च्या विश्वचषकाची पॅरिसमधली अंतिम लढत घ्या. इंग्लंडकडे ११-० अशी आघाडी होती, पण कॅनडाने ती ११-९ वर आणली. स्कॅरेटने पेनल्टी मारून १४-९ केलं. मग शेवटच्या मिनिटांत चेंडू घेऊन ती बचावफळीतून आरपार गेली, ट्राय केला आणि त्यावरचे जादा दोन गुणही स्वतःच लाथेने वसूल केले. २१-९. त्यांतले १६ गुण तिच्या एकटीचे! आणि या जगज्जेत्या संघाची कर्णधार केटी मॅक्लीन शाळेत शिकवायची, तर तिची सहकारी सोफी हेमिंग पशुवैद्य होती. खेळ सांभाळायचा तो नोकरी सांभाळून.

विजयानंतर वीसेक जणींना करार मिळाले, पण लक्ष होतं ऑलिंपिकच्या सेव्हन्सवर, म्हणजे सात जणींच्या रग्बीवर. रिओत स्कॅरेटच्या नेतृत्वाखाली ब्रिटन चौथं आलं. २०१७ च्या विश्वचषकाच्या वेळी तर पंधरा जणींच्या खेळाचे करार पुढे चालू राहणार नाहीत, असं कळलं होतं. ऐन स्पर्धेच्या तोंडावर खेळाडूंना हे ऐकायला लागावं, याचा मला आजही राग येतो. त्या वेळी बेलफास्टची अंतिम लढत न्यूझीलंडने इंग्लंडविरुद्ध ४१-३२ अशी जिंकली.

जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या २८ जणींना पूर्णवेळ करार मिळाले. त्याच वर्षी स्कॅरेट जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. कर्तृत्व तिचंच, पण दिवसभर सराव, उपचार आणि विश्रांती यांची सोय असली की काय घडतं, तेही त्यात दिसतं. पुढे मानेच्या शस्त्रक्रियेतूनही ती परतली आणि २०२५ मध्ये अमेरिकेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिने पाचवा विश्वचषक गाठला.

त्याच विश्वचषकाच्या अंतिम लढतीत ट्विकनहॅमला ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने पुन्हा कॅनडालाच हरवलं, ३३-१३. या स्पर्धेच्या तयारीसाठी कॅनडाच्या संघाला लोकांकडून देणग्या गोळा कराव्या लागल्या होत्या. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघावर ही वेळ येता कामा नये. जागतिक रग्बी संघटनेने विश्वचषकाच्या उत्पन्नातून आधी खेळाडूंच्या करारांसाठी पैसा बाजूला काढावा, मग बाकीचा खर्च ठरवावा.