जीएसटी घटला म्हणून सतरा इंची अलॉय टाकायचे का? वागळे इस्टेटच्या खड्ड्यांतून शिकलेलं टायरचं गणित

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ऑफिसच्या पार्किंगमध्ये टीममधला एक ज्युनियर फोन पुढे करत म्हणाला, "दादा, टायरवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झालाय. आता माझ्या व्हर्टसला सतराचे अलॉय टाकून घेऊ ना?" फोनवर त्याच्याच गाडीचा फोटो होता आणि कुठल्याशा अ‍ॅपने त्यावर काळे, मोठे अलॉय चिकटवलेले. दिसत होती भारीच, खोटं कशाला बोलू.

हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे, आणि त्याला कारणंही आहेत. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय साधारण ५३ लाखांना भारतात आली, ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ लाखांना आली, तीही फक्त १०० गाड्या. दोन्ही आयात केलेल्या, दोन्ही मोठ्या चाकांवर. रील्स बघून बघून आपल्या सोळा इंची चाकांची लाज वाटायला लागते. त्यात २२ सप्टेंबरपासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला.

आधी हा हिशेब मिटवून टाकू. १० टक्के कर कमी झाला म्हणजे टायर १० टक्के स्वस्त झाला असं होत नाही. जुन्या करासह १०,००० रुपयांना मिळणारा टायर आता साधारण ९,२२० ला मिळायला हवा. म्हणजे फरक ७.८ टक्के. चार टायरांचे वाचले तीन हजार शंभरच्या आसपास. आणि एक टायर खड्ड्यात गेला की नवा घ्यायला लागतात नऊ हजार. ज्युनियरला मी एवढंच सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून त्याला माझी गोष्ट सांगितली.

माझ्याकडे २०१९ ची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आहे. खरी स्पोर्ट्स कार वगैरे नाही, पण वागळे इस्टेटमध्ये रोज ऑफिसला नेता येईल आणि रविवारी घाटात मजा देईल अशी आपल्या खिशातली गाडी हीच. कंपनीचा टायर १९५/५५ आर१६. मागच्या वर्षी मी हौसेने सतरा इंची अलॉय टाकले आणि त्यावर २०५/४५ आर१७ टायर. दुकानदार म्हणाला, "एकूण उंची सेमच येते, बिनधास्त टाका." उंचीचं त्याचं म्हणणं खरंच होतं. घोळ दुसरीकडे होता.

टायरवरचे आकडे वाचायला एक मिनिट लागतं. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची. १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढं रबर. खालची-वरची भिंत आणि रिम मिळून टायरची एकूण उंची ६२१ मिमी. आता माझा नवा सेट बघा: २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२ मिमी, एकूण उंची ६१६. स्पीडोमीटरला फरक एक टक्क्याच्याही आत. पण भिंत १५ मिमीने आखूड झाली. गोल्फ जीटीआयच्या २२५/४० आर१८ मध्ये ही भिंत ९० मिमी असते. म्हणजे माझ्या पोलोला मी जवळपास जीटीआयएवढा पातळ टायर लावला होता, फक्त त्या गाडीचं सस्पेन्शन लावलं नव्हतं.

जुलैमधली एक रात्र. डोंबिवलीहून मावशीकडून परत येत होतो, आई मागे बसली होती. धो-धो पाऊस. वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर दिवसभर माल वाहणारे ट्रक चालतात, पेव्हर ब्लॉक आणि डांबर जिथे भेटतात तिथे कडा तयार होते, आणि पावसात ती कडा पाण्याखाली जाते. वेग तीसच्या वर नव्हता. दण्‌कन आवाज आला. आई फक्त म्हणाली, "हळू रे." गाडी नीट चालत होती म्हणून तसाच घरी आलो.

सकाळी बघतो तर डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. रिमही आतल्या बाजूने वाकलेली.

फुगा का येतो, तर खड्ड्याची कडा आणि रिमची कडा यांच्यात टायरची भिंत चिमटली जाते. भिंतीच्या आत दोऱ्यांचे थर असतात, हवेचा दाब तेच पेलतात. ते दोरे तुटले की तिथे फक्त रबर उरतं आणि आतली हवा त्याला बाहेर ढकलते. याला पंक्चर नाही, पॅच नाही, काही नाही. असा टायर चालता चालता कधीही फुटू शकतो. आदल्या रात्री त्याच टायरवर मी कल्याण-शीळ रोडने ऐंशीला आलो असतो तर, हा विचार मला अजून येतो.

पण भिंतीपेक्षा मला जास्त राग आला तो दुसऱ्या एका आकड्याचा. साइजनंतर टायरवर एक संख्या आणि एक अक्षर असतं. माझ्या मूळ टायरवर होतं ८७व्ही. ८७ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलू शकतो. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची वेगमर्यादा. दुकानदाराने लावलेल्या टायरवर होतं ८४. म्हणजे ५०० किलो. मोठा, महाग, रुंद टायर, आणि प्रत्येक चाकामागे ४५ किलोने कमकुवत! याच साइजमध्ये ८८ इंडेक्सचा एक्सएल टायरही येतो, तो ५६० किलो पेलतो, पण तो पूर्ण वजन पेलण्यासाठी हवा जास्त भरावी लागते. जास्त हवा म्हणजे गाडी आणखी कडक. त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. इंजिनियरिंगची डिग्री घेऊन मी रिमचा रंग निवडत बसलो होतो.

मग विम्याकडे गेलो. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान धरत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी मार लागला असेल तरच मिळतं, तेही टायरच्या किमतीच्या निम्मं. वेगळं टायर कव्हर घ्यावं लागतं, ते मी घेतलं नव्हतं. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला, तेव्हा ग्रुपवर मला लगेच मेसेज आले, "आता रिमचे पैसे माग." तो आदेश माणसांसाठी आहे, आणि तसाच असायला हवा. रिमचा भुर्दंड आपला आपणच भरायचा.

"पण रुंद टायरला ग्रिप जास्त ना?" ज्युनियरचा पुढचा प्रश्न. इथे तुमचा फोन कामाला येतो. माझी गाडी साधारण ११०० किलोची, म्हणजे सरासरी प्रत्येक चाकावर २७५ किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलो. भागाकार करा: साधारण १२० चौरस सेंटिमीटर. साडेसहा इंची फोन टेबलवर उपडा ठेवला की जेवढी जागा व्यापतो, तेवढाच टायर रस्त्याला टेकतो. अख्खी गाडी चार फोनांवर उभी असते म्हणा ना. (टायरच्या कडकपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज बरोबर आहे.) हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर हा ठसा फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. उभा धरलेला फोन आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा होतो, हे मी येऊरच्या रस्त्यावर अनुभवलंय. पण साचलेल्या पाण्यात रुंद ठशाला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि टायर लवकर तरंगायला लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. ग्रिप खरी ठरते ती रबराच्या दर्जावर आणि खाचांच्या खोलीवर. खाच १.६ मिमीवर आली की टायर संपला समजा.

वजनाचंही बघा. बॅग मोजायच्या हुकच्या काट्याला मी दोन्ही चाकं लटकवली. सोळाचं टायरसकट १६.८ किलो, सतराचं १९.४. प्रत्येक कोपऱ्यात अडीच किलोवर जास्त, आणि तेही स्प्रिंगच्या खाली, जिथलं वजन प्रत्येक खड्ड्यात वर-खाली नाचतं. कासारवडवली ते तीन हात नाका या ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा थांबून निघताना हे वजन दर वेळी नव्याने फिरवावं लागतं. माझं मायलेज पडलं, पिकअप मंदावला. दिसायला मात्र गाडी वेगवान.

ज्युनियरच्या व्हर्टस जीटीचं गणित वेगळं आहे, म्हणून मी त्याला सरळ नाही म्हटलं नाही. त्याचा टायर २०५/५५ आर१६, भिंत ११३ मिमी, एकूण उंची ६३२. सतरावर जायचंच तर २२५/४५ आर१७ मध्ये भिंत १०१ राहते आणि उंची ६३४, जवळजवळ जुळते. दुकानात त्याला २१५/५० आर१७ सुचवला होता. त्यात भिंत छान १०७ मिळते, पण चाक जवळपास अडीच टक्क्यांनी मोठं होतं. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे दोनच्या वर असू शकते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा १०० आहे आणि तिथे आता कॅमेरे आहेत. अठरा इंच? २२५/४० आर१८ उंचीला जुळतो, पण भिंत ९० वर येते. वागळेत रोज चालवायची असेल तर माझ्याकडून स्पष्ट नकार.

रिम घेताना आणखी तीन गोष्टी त्याला लिहून दिल्या. व्हर्टस आणि पोलोचा बोल्टचा पॅटर्न ५×१००, आताच्या गोल्फ-ऑक्टाव्हियाचा ५×११२. ५×११२ चे वापरलेले अलॉय स्वस्तात मिळतायत म्हणून उचलले तर ते बसणारच नाहीत, आणि अ‍ॅडाप्टर लावून बसवायच्या भानगडीत पडू नये. दुसरं, रिमच्या मधलं भोक ५७.१ मिमी हवं. बाजारातल्या रिमचं मोठं असतं, तिथे मापाची रिंग लावली नाही की ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसतो. तिसरं म्हणजे ऑफसेट. तो फार चुकला की वळताना चाक फेंडरला घासतं आणि बेअरिंगवर भार येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांवर बंधनं घालतं, त्यामुळे फेंडरच्या बाहेर आलेली चाकं नाक्यावर थांबवायला चांगलं निमित्त देतात.

माझं म्हणाल तर मी सोळावरच परत आलोय. कंपनीचे रिम गॅलरीत पडलेलेच होते. अलॉयवर उडवणार होतो ते पैसे चांगल्या, ओल्या रस्त्यावर धरणाऱ्या १९५/५५ आर१६ टायरांत घातले, लोड इंडेक्स बघून. त्याच रस्त्याने परवा आईला घेऊन गेलो. खड्डा तिथेच आहे, बुजवून पुन्हा उखडलेला. गाडी त्यातून गेली, आईने बोलणं थांबवलं नाही.

ज्युनियर अजून सतरावर अडलाय, पण निदान २२५/४५ वर आलाय आणि दुकानदाराला लोड इंडेक्स विचारतोय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो त्याने फोनमध्ये सेव्ह केलाय, साइज आणि हवा दोन्ही त्यावर असतात. तुमच्या गाडीवर तो स्टिकर दाराजवळ किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडेल. माझे सतराचे तीन सरळ आणि एक वाकडा रिम विकायला काढलेत. कल्याणहून एकाचा फोन आला होता, वाकडा कुठला ते सांगितलं, तर म्हणाला, "तो मागे लावतो." मी नाही दिले.