पांढऱ्या रेशनकार्डाचा वाद



‘मोबाइलवरच्या चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग’ हे आपल्या वाचकाचं पत्र वाचलं. निम्मं पटलं. आम्ही शाळासोबती, अर्धे बारामतीत, अर्धे इंदापुरात. 2024 च्या लोकसभेला बारामतीतल्या नणंद-भावजयीच्या लढतीवरून आमच्या ग्रुपवर अशी जुंपली की दोघं ग्रुप सोडून गेले. (विधानसभेला परत आले, भांडायलाच.) मधुमेहावरचा कुठला तरी काढाही तिथं पंधरा वेळा फिरला.

पण एक प्रसंग सांगतो. भिगवणच्या मित्राच्या वडिलांना अँजिओप्लास्टी सांगितली. त्याचं रेशनकार्ड पांढरं. त्यानं रात्री ग्रुपवर विचारलं, तेव्हा एकजण म्हणाला, महात्मा फुले जन आरोग्य योजना पिवळ्या-केशरीलाच. दुसऱ्यानं लगेच त्याला अमुक पक्षाचा ठरवलं. तासभर राजकारण झालं. मग औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मित्रानं जुलै 2023 च्या शासन निर्णयाचा फोटोच टाकला: सर्व रेशनकार्डधारक, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधी मर्यादा दीड लाखाची होती.

तरी रुग्णालयाच्या काउंटरवर ‘पांढऱ्याला नाही’ हेच उत्तर मिळालं. मित्रानं तोच फोटो तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्रापुढं धरला, तेव्हा कागद पुढं सरकले. रुग्णालय योजनेच्या यादीत असावं लागतं आणि उपचाराला पूर्वमंजुरी लागते, हेही आम्हाला त्या भांडणातच कळलं.

पत्रलेखक म्हणतात, अशी माहिती सरकारी कार्यालयातून घ्यावी. जरूर घ्यावी. पण रात्री साडेदहाला कोणतं कार्यालय उघडं असतं?

– एक वाचक, इंदापूर