१०० मेंढ्या दगावल्या, तर मदत फक्त ३० मेंढ्यांची का? जनावरांच्या सरकारी मदतीचं गणित

डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि त्यातच गारठा वाढला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उघड्या रानात मुक्कामाला असलेल्या मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या एक-दोन रात्रींत मेल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूरच्या पुरात दावणीला बांधलेली गुरं वाहून गेली. अशा वेळी ‘सरकार मदत देणार’ अशी बातमी येते. पण ही मदत नेमकी किती असते?

दर काय आहेत?

आपत्ती निवारण निधीचे निकष केंद्र सरकार ठरवतं. महाराष्ट्रासाठी या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे:

- दुधाळ गाय, म्हैस: ३७,५०० रुपये
- बैल: ३२,००० रुपये
- वासरू, गाढव: २०,००० रुपये
- शेळी, मेंढी: ४,००० रुपये
- कोंबडी: १०० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये

मग अडचण कुठे आहे?

अडचण मर्यादेत आहे. मोठी दुधाळ जनावरं कितीही गेली, तरी निकषांनुसार एका कुटुंबाला तिघांचीच मदत मिळते. शेळ्या-मेंढ्यांसाठी ही मर्यादा ३० आहे.

समजा, एखाद्या मेंढपाळाच्या १०० मेंढ्या मेल्या. ४,००० रुपयांप्रमाणे हिशेब होतो ४ लाखांचा, पण हातात येतात १ लाख २० हजार. उरलेल्या ७० मेंढ्या सरकारी हिशेबात धरल्याच जात नाहीत. शेतकऱ्याकडे निदान जमीन उरते. मेंढपाळाची सगळी पुंजी म्हणजे त्याचा कळपच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करताना तीन जनावरांची अट काढल्याचं सांगितलं. पण ती सवलत त्या वर्षीच्या अतिवृष्टी आणि पुरापुरती होती. पुढच्या आपत्तीत काय होईल, हे त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून राहतं.

पैसे मिळवायचे कसे?

जनावर दगावल्यावर लगेच तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला होईपर्यंत जनावर पुरायचं नाही. फोटो काढून ठेवायचे. कानातला बिल्लाही महत्त्वाचा, कारण १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई देय नाही. मंजूर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. बिबट्यानं जनावर मारलं असेल, तर मात्र वनविभागाकडे जायचं. त्याची भरपाई वेगळी असते.

पुरात वाहून गेलेल्या गुराचा मृतदेहच सापडत नाही. गावोगाव फिरणारा मेंढपाळ ज्या गावात थांबलेला असतो, तिथल्या तलाठ्याच्या दप्तरात त्याचं नाव नसतं. दोघांपुढेही प्रश्न एकच: नुकसान सिद्ध कसं करायचं?

ही भरपाई आहे का?

नाही. निकषांच्या भाषेत हे ‘सहाय्य’ आहे, जनावराची किंमत नाही. चांगल्या दुधाची म्हैस आज लाखाच्या घरात जाते. ३७,५०० रुपयांत ती परत दावणीला येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी पॅकेजचा आकडा ऐकाल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: एका कुटुंबाला किती जनावरांचे पैसे मिळणार?