सहा जूनचा वार कोणता?

युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ‘कॅल’ ही छोटीशी आज्ञा तिच्यासोबत आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ती टंकली की चालू महिना उमटतो. पुढे महिना आणि साल लिहिले की हवा तो. (साल मात्र पूर्ण लिहावे. नुसते ‘२६’ लिहिणाऱ्याला ती इसवी सनाच्या सव्विसाव्या वर्षात नेऊन सोडते.) फोनमध्ये देखणी कॅलेंडरे असताना हिच्याकडे वळायचे कशाला, हे पाहायला १६७४ सालात जावे.

लिनक्सवर ‘कॅल ६ १६७४’ लिहिले की सहा जूनला शनिवार दिसतो. शिवराज्याभिषेकाचा वार हाच. त्याच आज्ञेला निव्वळ ग्रेगोरियन पद्धतीचा पर्याय जोडला, की सहा जूनला बुधवार येतो आणि तो शनिवार सापडतो सोळा तारखेला. चूक कोणाचीच नाही. इंग्रजांनी ग्रेगोरियन पद्धत १७५२ मध्ये घेतली आणि ‘कॅल’ एरवी त्यांचाच हिशेब धरते. म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबरात दोन तारखेच्या बुधवारनंतर थेट चौदाचा गुरुवार येतो. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाची तारीख जुन्या पद्धतीची होती. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच पद्धत बदलली होती, म्हणून पोर्तुगीज कागदांत तोच दिवस सोळा जूनचा. ‘एनकॅल’ या भावंडाला तर देशाचे सांकेतिक नाव दिले की ते त्या देशाच्या बदलाची तारीख धरून महिना मांडते. दफ्तरातली पत्रे वाचणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवे.

भाषेच्या बाबतीत मात्र ‘कॅल’चा हात आखडता आहे. यंत्रणेची वेळेची भाषा मराठी केली की महिन्यांची आणि वारांची नावे मराठीत येतात, आकडे इंग्रजीच राहतात. ‘एनकॅल’ वार डावीकडे उभे मांडते, तेव्हा भिंतीवरच्या आपल्या दिनदर्शिकेची आठवण होते, इतकेच. तिथी नाही, पक्ष नाही. पाट्या बदलल्याने पंचांग होत नाही.

इराणी कालगणनेसाठी ‘जेकॅल’ आहे, ज्यूंच्या कालगणनेसाठी ‘एचकॅल’. राज्याभिषेकदिन तारखेनेही आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही साजरा करणाऱ्या महाराष्ट्राला अशा साधनाची गरज कमी नाही. काम किचकट आहे, हे खरे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते आणि दिवसाची तिथी सूर्योदयावर ठरते. त्यामुळे नागपूर आणि मुंबईचे उत्तर कधी कधी वेगळे येईल. म्हणजे गावाचा पर्याय हवा, अमान्त की पूर्णिमान्त हा पर्याय हवा, शके की संवत हाही. एवढे गणित आणि एवढे प्रोग्रॅमिंग आपल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना जमण्यासारखे आहे. दरवर्षी त्याच त्या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रकल्पाऐवजी प्राध्यापकांनी हे काम द्यावे, आणि कोणालाही वापरता येईल असे खुले ठेवावे.