सायकल बांधायची कशाला?

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर भागात, शिकवणीच्या वर्गांच्या वेळी इमारतींच्या पायथ्याशी ज्या सायकलींची दाटी होते, त्यांपैकी बहुतेकींना मागच्या चाकावर जडवलेले कडीचे कुलूप तेवढे असते. आणि चाक फिरू न देणे एवढेच त्याचे कार्य असल्यामुळे, सायकल उचलून टेम्पोत घालणाऱ्या इसमापुढे ते सर्वस्वी निष्प्रभ ठरते.

कुलूप हलके घ्यावे की बळकट, हा विचार आठ-नऊ किलोची शर्यतीची सायकल बाळगणाऱ्यास रास्त आहे. परंतु आपल्या विद्यार्थ्याची साधी सायकल मुळातच अठरा-वीस किलोंची असते, आणि खोलीपासून वर्गापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत दीड किलोच्या साखळीचा भार पायांना फारसा जाणवत नाही. असे असता, तो वाचवण्यासाठी प्लास्टिकच्या वेष्टनातील तारेचे नंबरी कुलूप पसंत करणे ही माझ्या मते खोटी काटकसर होय. ती तार बारीक धाग्यांची वळलेली असल्याने साध्या कटरनेही तुटते. पाणी दिलेल्या पोलादाची साखळी चोराचा वेळ खाते, मात्र तिचे कुलूपही तितकेच कणखर हवे. शिवाय ती चौकट व मागचे चाक यांतून ओवून, जमिनीपासून उंच व ताठ बांधावी, कारण जमिनीवर टेकलेल्या कुलपावर हातोडा नीट बसतो आणि सैल साखळीत पहार शिरते.

पण ती बांधायची कशाला? हजारो विद्यार्थ्यांकडून शुल्क घेणाऱ्या वर्गांच्या व महाविद्यालयांच्या आवारांत काँक्रीटमध्ये रोवलेली लोखंडी नळी क्वचितच आढळते, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते; दोन्ही महानगरपालिकांनी बांधकाम परवान्याच्या अटींतच तिचा अंतर्भाव करावयास हवा.

या सावधगिरीचे महत्त्व कायद्यानेही वाढवले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ अन्वये, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरून ती अथवा तिचे मूल्य परत करणाऱ्या दोषीस सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. नव्या प्रक्रिया संहितेने तर एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्र ठरवली असून, दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. प्रथम गुन्हेगारास सुधारण्याची संधी मिळावी हे मला मान्य आहे. तथापि जुन्या सायकलीची किंमत बहुधा याच मर्यादेत बसते, आणि फिर्यादीस सायकल परत मिळण्याची आशा त्या मानाने क्षीण होते.

किनवट-माहूरकडील मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी अनुदान मिळते, ते शाळेची वाट सुकर व्हावी म्हणून. ती सायकल गेली की कित्येक घरांत मुलीच्या शाळेचाच प्रश्न उभा राहतो. म्हणून त्या अनुदानात चांगल्या साखळी-कुलपाची किंमत स्वतंत्रपणे धरावी, आणि शाळेच्या आवारात नळी रोवण्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीने मंजूर करावा.